मधलं पान

ताडकळसच्या सोपान गुरुजींच्या शर्टाच्या खिशात पेन कधी दिसलं नाही. पेन्सिल असायची आणि खोडरबर. जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, नावावर चार पुस्तकं, आणि खिशात पहिलीतल्या लेकराचं सामान. कुणी हसलंच तर म्हणायचे, माझं खोडायचं काम लय असतंय बाबा. लोकांना हा त्यांचा विनय वाटायचा. विनय कसला आलाय. ते अगदी खरं होतं.

गुरुजी कथा-कादंबऱ्यांच्या वाटेला गेले नाहीत. आसपासच्या माणसांवर लिहायचे. मेंढरं राखणारे, बाजारात पाल ठोकून बसणाऱ्या बाया, एसटीतली माणसं, शाळेचे शिपाई. लिहून झालं म्हणजे त्यांच्या लेखी अर्धंच काम झालेलं असायचं. मग कागद पिशवीत घालून, बसनं नाहीतर कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून, ज्याच्यावर लिहिलंय त्याच्या घरी जायचे आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याला वाचून दाखवायचे. तो म्हणाला हे काढा, की तिथल्या तिथं रबर. तो म्हणाला छापूच नका, की कागदांची घडी करून त्याच्या हातात द्यायची, चहा प्यायचा आणि उठायचं. नक्कल ठेवायची नाही. ज्याचं त्याला, एवढंच म्हणायचे. असं कितीतरी चांगलं लिखाण लोकांच्या पेट्यांत, फडताळांत आणि चुलीत गेलं.

मानवतला एक रिटायर कंडक्टर राहायचा. त्याच्यावर गुरुजींनी फार झकास लिहिलं होतं. त्यात एक वाक्य असं होतं की हा माणूस साधी वेळ सांगतानाही ओरडतो. मी सोबत होतो. ते वाक्य आलं तसा कंडक्टर उठून उभा राहिला आणि "मी कवा वरडलो?" असं इतक्या जोरात ओरडला की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. गुरुजींनी शांतपणे रबर काढलं आणि वाक्य पुसलं. परत येताना मी वाद घातला, अहो गुरुजी, त्यानं तर जागेवर पुरावा दिला. तर म्हणाले, "लिवणं माझं हाय. जगलाय त्यो."

स्वतःच्या बायकोवरही त्यांनी एकदा लिहिलं होतं. रीतसर समोर बसवून वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझ्यावर लिवायला तुमी घरी कवा होता? ते पानही घडी होऊन त्यांच्याच हातात गेलं. त्या गेल्या तेव्हा ते कुठं सापडलं नाही, आणि गुरुजींनी शोधलंही नाही. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. तत्त्वाची माणसं घरात किती बेजार करतात हे घरच्यांनाच विचारावं, बाहेर त्यांचे नुसते सत्कार होतात.

पुण्याच्या एका प्रकाशकानं त्यांना कळवलं होतं की आमच्या वाचकांना ही बोली जड जाते, तेव्हा पुस्तकातल्या धनगरबाईच्या तोंडी जरा शुद्ध भाषा घाला. गुरुजींनी पोस्टकार्ड धाडलं की बाईला पुण्यात ऱ्हायला यायचं न्हाई, तवा तिची भाषा आहे तशी असू द्या. पुस्तक दोन वर्षं रखडलं. मग दुसरीकडं निघालं, पण बोली तीच.

माझं सांगायचं तर मी मानवतच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. गुरुजींची ओळख झाली तेव्हा मी तिथं तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे शिकवला तो तास आपला, बाकी कशावर हक्क नाही, आणि दर जूनला नव्यानं मुलाखत. असा अकरा वर्षं होतो. लोक गुरुजींना तत्त्वनिष्ठ म्हणायचे. माझ्या आयुष्यात तत्त्व म्हणून एवढं एकच होतं.

एक आड एक रविवारी मी ताडकळसला जायचो. सूनबाई सुशीला करायच्या, मुरमुऱ्याचा, भरपूर शेंगदाणे घातलेला. तो खाऊन झाला की गुरुजी पंधरा दिवसांत लिहिलेलं मला वाचून दाखवायचे. माणसाला दाखवायच्या आधी मला. वाचून झाल्यावर कसं वाटलं असं त्यांनी कधीच विचारलं नाही. विचारायचे, कुठं कंटाळा आला? खरंखुरं सांगावं लागायचं. मग माझी पाळी. मी माझी कथा वाचायचो. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, ह्ये कोन म्हन्लं? एकदा मी लिहिलं होतं, त्याच्या काळजाचा ठोका चुकला. गुरुजींनी डोळे उघडले आणि विचारलं, दवाखान्यात दाखवलं का मंग त्याला? अकरा वर्षांत त्यांनी माझ्या लिखाणाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. प्राध्यापक, प्राध्यापक म्हणून चिडवायचे तेवढं. मीही निर्लज्जासारखा जात राहिलो, कारण ते रविवार सोडले तर मला लेखक समजणारं माणूस जगात दुसरं नव्हतं.

या येण्याजाण्यात मला एक वाईट खोड लागली. प्रत्येक गोष्टीत गुरुजींचं आयुष्य काढायचं आणि त्याच्या शेजारी आपलं ठेवून बघायचं. प्राचार्यांपुढं मान हलवली की गुरुजी आठवायचे. कुणाच्या भिकार कवितासंग्रहाला "आश्वासक" म्हटलं की गुरुजी आठवायचे. माझी बायको मंगल म्हणायची, ताडकळसहून आलात की तुमी दोन दिवस माणसात नसता. तिचं खरं होतं. दुसऱ्याच्या मापाचा सदरा आहे, आपल्याला होत नाही, हे कळत असूनही मी रोज घालून बघत होतो. आता छप्पन्न वय झालंय, आणि खरं सांगतो, या खोडीनं मी फार थकलोय.

तर आता एका म्हाताऱ्याचं. त्याचं नाव-गाव मी लिहिणार नाही, का ते पुढं कळेल. मेंढरं राखणारा म्हातारा होता, ऐंशीच्या घरातला. रझाकारांच्या काळात त्यानं, तरणा पोरगा असताना, एक काम केलं होतं. काय काम, तेही लिहीत नाही. जिवावर बेतणारं होतं आणि त्यानं ते एकट्यानं केलं, एवढंच. त्याबद्दल त्यानं ना कधी पेन्शन मागितली, ना कुणापुढं तोंड उघडलं. गुरुजी वर्षभर त्याच्याकडं जाऊन बसत होते, तेव्हा थोडं थोडं करून त्यानं सांगितलं. त्याच्यावर गुरुजींनी जे लिहिलं ते त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात थोर लिखाण. मी ते रविवारी ऐकलं आणि मला कुठंच कंटाळा आला नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं त्याच्या मेंढरांच्या वाडग्यावर गेलो. म्हातारा घोंगडी पांघरून लोकर कातत बसला होता. गुरुजी वाचत होते तोवर त्याचा हात थांबला नाही. संपल्यावर बराच वेळ तसाच कातत राहिला आणि मग म्हणाला, "समदं खरं हाय गुरुजी. पन छापू नगा." त्या धाडसाच्या गोष्टीला एक दुसरी बाजू होती. त्याच्या घरातली. ती त्यानं घरच्यांपासून साठ वर्षं लपवली होती आणि मरेपर्यंत लपवणार होता. गुरुजींनी एक शब्द बोलून बघितला नाही. कागदाची घडी केली आणि त्याच्या हातात दिली. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं ती कमरेला खोचली.

बसमध्ये मी रडकुंडीला आलो होतो. म्हणालो, नाव बदलून छापता आलं असतं, घरचं गाळून नुसतं धाडस ठेवता आलं असतं. गुरुजी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. म्हणाले, तू ऐकलंस न्हवं, मंग झालं. वर्षभरात म्हातारा गेला, आणि ते कागद कुठं गेले कुणास ठाऊक.

त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या वडलांची, आबासाहेबांची, जन्मशताब्दी आली होती. चरित्र लिहायचं होतं. पुढच्या जूनला मराठीची एक जागा भरणार असल्याचंही त्यांनी बोलता बोलता सांगितलं. दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं दाखवत मीही हो म्हणालो. आबासाहेब माणूस वाईट नव्हते. विहिरी खणल्या, शाळा काढली, बोर्डिंग चालवलं. मी सात प्रकरणं लिहिली. साहेबांनी वाचली आणि म्हणाले, सर, सगळं उत्तम, पण मुक्तिसंग्रामाचं काहीच नाही. त्या काळात आमचे आबा घरात बसले होते असं कसं दिसेल? आता खरी गोष्ट अशी की त्या वर्षी आबासाहेब घरातही नव्हते. सासुरवाडीला होते, वऱ्हाडात. गडबड मिटल्यावर परत आले.

मी आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी बसलो आणि एका बैठकीत तिसरं प्रकरण लिहून काढलं. म्हाताऱ्याच्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि तिथं आबासाहेबांचं उपरणं ठेवलं. मेंढरं काढली. घरची बाजू गाळली. गुरुजींनी जे करायला नकार दिला तेच मी केलं, आणि वर म्हाताऱ्याचं धाडस दुसऱ्याच्या नावावर चढवून मोकळा झालो. मनाला काय सांगितलं? म्हातारा गेला. कागद गेले. त्याला तर नकोच होतं. मग यात कुणाचं काय जातंय? माणसाला स्वतःशी खोटं बोलायला फारसं शिकावं लागत नाही. साहेबांना ते प्रकरण इतकं आवडलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि म्हणाले, प्रस्तावना सोपान गुरुजींचीच पाहिजे, प्रकाशनालाही तेच.

आता इथं माझी पंचाईत झाली. मला कायम व्हायचं होतं, आणि ताडकळसचे रविवारही हवे होते. मी बाड घेऊन गेलो आणि म्हणालो, गुरुजी, हे ठेवून जातो, सवडीनं चाळा, दोन पानं लिहून द्या. मला वाटलं, नजर अधू झालीय, वरवर बघतील. गुरुजी म्हणाले, ज्यानं लिवलंय त्यानं वाचून दाखवल्याबिगर मी प्रस्तावना लिवत न्हाई. वाच.

मी वाचलं. दुसरा इलाज नव्हता. गुरुजी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तिसरं प्रकरण मी धापा टाकत संपवलं, मान वर केली नाही. सोलायचा आवाज थांबल्याचं तेवढं कळलं. मी थांबलो तसं म्हणाले, पुढं वाच. आठही प्रकरणं वाचून घेतली. मग हात झटकले आणि सांगितलं की प्रस्तावना त्यांच्याच्यानं होणार नाही. का, ते सांगितलं नाही. मला एक शिवी दिली असती तरी मी त्यांचे पाय धरले असते. दिली नाही. सूनबाईला म्हणाले, प्राध्यापकाला च्या दे.

साहेबांनी तोवर बॅनर लावून टाकले होते, त्यावर गुरुजींचा फोटो. प्रकाशनाच्या दिवशी ताडकळसला गाडी पाठवली ती रिकामी परत आली. भर सभेत साहेबांचा पाणउतारा झाला. का येत नाहीत, याला गुरुजींकडं एका वाक्याचं उत्तर होतं: ही गोष्ट आबासाहेबांची नाही. ते वाक्य त्यांनी शेवटपर्यंत उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर लोक विचारणारच, मग कुणाची? आणि म्हाताऱ्यानं तर तोंडाला कुलूप घातलेलं. मी त्यांचा नियम मोडून चोरी केली, आणि त्याच नियमानं मला वाचवलं. हे मला तेव्हाच, त्या सभेत हार वाटताना कळलं होतं. मी हार वाटत राहिलो.

ताडकळसला आमच्या संस्थेची शाळा आहे. तिच्या एका खोलीत गुरुजींनी गावासाठी वाचनालय चालवलं होतं. महिन्याच्या आत खोली रिकामी करायचं पत्र आलं. पुस्तकं आणून घरात टाकली, निम्मी स्वयंपाकघरात. सूनबाई येसर मसाल्याच्या डब्याशेजारी पुस्तकं लावत होत्या आणि मी पोती उचलायला मदत करत होतो. गावात बोलवा झाली की गुरुजींना मान पचला नाही, पुस्तकं लिहून डोकं फिरलंय. गुरुजी ऐकून घेत. त्यांच्या लेकानं एकदा माझ्यासमोरच चिडून विचारलं की तुमचं नेमकं बिनसलं तरी कशावरून. मी उठून पुस्तकं लावायला लागलो. गुरुजी म्हणाले, जमलं न्हाई मला लिवायला, वय झालं.

जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली. पेढे घेऊन गेलो. गुरुजींनी पेढा खाल्ला, अर्धा सुनेला दिला. म्हणाले, बरं झालं, लेकरं मार्गाला लागतील आता. मनापासून म्हणाले, हे मी शपथेवर सांगतो. चहा झाला. पाऊसपाणी झालं. मी वाट बघत बसलो की आता कागद काढतील आणि वाचतील. काढले नाहीत. शेवटची बस जायची वेळ झाली तेव्हा उठलो.

त्यानंतर चौदा वर्षं मी जात राहिलो आणि गुरुजींनी मला एक ओळसुद्धा वाचून दाखवली नाही. लिहीत होते. पुढचं एक पुस्तकही निघालं. मला ते दुकानात दिसलं. कधी माझ्याशी अबोला धरला नाही, सुशीला कधी चुकला नाही, मंगलची, लेकरांची चौकशी चुकली नाही. फक्त वाचणं बंद. मीही तेव्हापासून कथा लिहिली नाही. अहवाल लिहिले, मानपत्रं लिहिली. दर मुक्तिसंग्रामदिनी आमच्या शाळेतली मुलं तिसऱ्या प्रकरणाचं नाटक करतात. गालाला मिशा चिकटवलेला एक आबासाहेब असतो. त्याचे संवाद माझेच आहेत. टाळ्या पडतात तेव्हा मी खुर्च्या मोजायचं काम काढून मागं जातो.

गेल्या दिवाळीनंतर गुरुजींनी अंथरूण धरल्याचं कळलं. डोळे जवळजवळ गेले होते. तेव्हा मी हे लिहायला घेतलं. चौदा वर्षांनी पहिल्यांदा अहवालाशिवाय दुसरं काही. सगळं लिहिलं, तिसऱ्या प्रकरणाचंही. त्याचं एक पान झालं. म्हाताऱ्याचं नाव, गाव, त्यानं काय केलं, सगळं त्या पानात होतं. नियमाप्रमाणे वाचून दाखवायला ताडकळसला गेलो.

अंगणात उन्हाला खाट टाकली होती. मी पायथ्याशी बसून वाचायला लागलो. कंडक्टरच्या जागी ते हसले. बायकोच्या पानाला त्यांनी तोंड फिरवलं, पण काढ म्हणाले नाहीत. म्हाताऱ्याच्या अलीकडं आलो. मी ते पान उलटून खाली घातलं आणि पुढून वाचायला लागलो. वाचनालयाच्या पुस्तकांपासून, अगदी सफाईनं, जणू काही मध्ये नव्हतंच. संपलं.

"मधलं एक पान सुटलं बघ," ते म्हणाले.

मी ते पान वर काढलं. काय वाचलं, कसं वाचलं, मला सांगता येणार नाही. रडलो, हे सांगतो. गुरुजींनी मला थोपवलं नाही. झाल्यावर म्हणाले, म्हाताऱ्याचं नाव काढ, गाव काढ, त्यानं काय केलं तेबी काढ. त्यो नगं म्हन्ला होता. मी जवळच्या पेनानं काट मारली. मग म्हणाले, मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना वाचून दाखव. साहेब हाईत की यात.

मी तीन महिने लावले. परीक्षा होत्या, कॉलेजात कमिटी येणार होती, मंगलचे गुडघे दुखत होते. खरं म्हणजे भीती होती, आणि त्याच्याहून जास्त शीण. नोकरीची साडेतीन वर्षं राहिलेला माणूस कशाला ही उठाठेव करतो? कुणी मागितलं होतं? शेवटी फाल्गुनात एका दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि वाचायचंय म्हणालो.

साहेबांनी फोन बंद केला आणि पुरं ऐकलं. हे मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. ऐकून झाल्यावर थोडा वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले की आबा त्या वर्षी कुठं होते हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे, आजी हसून सांगायची. तुम्ही लिहिलंत तेव्हा वाटलं, कुणी सांगावं, येऊन-जाऊन असतीलही. माणसाला वडलांबद्दल असं वाटतं. यंदा त्यांची नात त्या नाटकात होती. आबासाहेबच झाली होती, मिशा लावून. "तिला मी काय सांगू, सर?" असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी हात पुढं केला. तुमच्या गुरुजींचाच नियम आहे ना, म्हणाले, ज्याच्यावर लिहिलं त्यानं नको म्हटलं की कागद त्याला द्यायचे? मी नको म्हणतोय. द्या.

मी कागद दिले नाहीत. दिले असते तरी काय, कॉम्प्युटरवर होतेच. माझ्या लिखाणाची नक्कल असते. विचारून सांगतो म्हणालो आणि लेकरासारखा पळून आलो.

दुसऱ्याच दिवशी ताडकळस. गुरुजींचा आवाज फार बारीक झाला होता, तोंडाजवळ कान न्यावा लागत होता. सगळं सांगितलं. साहेबांनी हात पुढं केला हे ऐकून ते जरा हसले, हुशार हाय म्हणाले. मी विचारलं, आता काय करू? नियम तुमचा आहे. तो माणूस नको म्हणतो.

गुरुजी म्हणाले, "त्या पानात कोन कोन हाय?"

मी सांगितलं: तो म्हातारा, आबासाहेब, साहेब.

"म्हाताऱ्याचं तर समदं काढलंस. साहेबाचं काय, त्येनं मागितलं, तू दिलंस. आन आबासाहेब त्या साली हतं नव्हताच." एवढं बोलून त्यांना धाप लागली. सूनबाईंनी पाणी पाजलं. मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "मंग त्या पानातला मानूस कोन ऱ्हायला? त्याला वाचून दाखवलंस का?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. बस चुकंल, जा, म्हणाले. फाटकाशी पोचून मागं बघितलं तेव्हा ऊन सरकून नुसतं त्यांच्या पायांवर राहिलं होतं, आणि सूनबाई त्यांच्यासकट खाट उन्हात ओढायच्या खटाटोपात होत्या. त्यांना एकटीला ते जमत नव्हतं. मी परत गेलो, दुसरी बाजू धरली, खाट उन्हात नेली. गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. पुढचा बाजार भरायच्या आत ते गेले.

खाट ओढली त्या दिवशी ताडकळसच्या स्टँडवर बसला पाऊण तास अवकाश होता. बाकड्यावर बसलो, ते पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं. मनात नाही, मोठ्यानं. शेजारी भाजीची पिशवी घेऊन एक म्हातारी बसली होती. ती सुरुवातीला इकडंतिकडं बघत होती, नंतर ऐकत राहिली. वाचून झाल्यावर मी पान मांडीवर ठेवलं आणि दस्तीनं तोंड पुसलं.

"कुनाचं हाय हो ह्ये?" तिनं विचारलं.

"माझं हाय, मावशी," मी म्हणालो.